अर्थशास्त्राचे विद्यार्थी खरोखरच स्वार्थी असतात का? झ्युरिक विद्यापीठातील दोन निधींचे प्रकरण

कोणत्याही मोठ्या विद्यापीठात प्रत्येक शाखेच्या कपाळावर एक शिक्का मारलेला असतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी माणूसघाणे, साहित्याचे स्वप्नाळू, वैद्यकाचे पुस्तकी किडे, कायद्याचे वादाला टपलेले, आणि अर्थशास्त्राचे स्वतःपुरते पाहणारे, असे नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच ऐकायला मिळते, आणि वर्ष सरेपर्यंत तो स्वतःच ते दुसऱ्याला सांगू लागतो. यातले बहुतेक शिक्के पारखून घेण्याची सोय नसते, कारण माणूसघाणेपणाची किंवा स्वप्नाळूपणाची नोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही. स्वार्थीपणाच्या शिक्क्याचे मात्र तसे नाही. पैसे देणे किंवा न देणे ही कृती कागदावर उतरते, आणि स्वित्झर्लंडमधील झ्युरिक विद्यापीठात ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर प्रत्येक सत्रात उतरत होती. त्या नोंदींनी या एका समजाचे काय केले, ते येथे सविस्तर मांडायचे आहे.

असे समज मोठ्या विद्यापीठातच अधिक का रुजतात, हे आधी पाहायला हवे. हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात आपल्या विभागातील माणसे आपण रोज पाहतो, त्यांच्यातला आळशी, मेहनती, उदार, कंजूष असा फरक आपल्याला ठाऊक असतो. दुसऱ्या विभागातला माणूस मात्र ओझरता भेटतो आणि त्या एकट्याच्या वागण्यावरून सगळा विभाग ठरतो. जॉर्ज क्वाट्रोन आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रिन्स्टन आणि रटगर्स या दोन शेजारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना एक विद्यार्थी काही निवड करताना दाखवला. काहींना तो आपल्याच विद्यापीठातला असल्याचे सांगितले होते, तर काहींना दुसऱ्या. त्या विद्यापीठातले किती जण हीच निवड करतील, असे विचारल्यावर दिसले की, परक्या विद्यापीठातल्या एका मुलावरून सगळ्यांबद्दल अंदाज बांधायला लोक अधिक सहज तयार होतात. एकाच विद्यापीठातले दोन विभाग एकमेकांना याहून फारसे जवळचे नसतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरील आरोपामागे मात्र केवळ ऐकीव गोष्टी नव्हत्या, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. १९८१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेराल्ड मार्वेल आणि रुथ एम्स यांनी आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहभागी माणसाला काही रक्कम मिळत असे. ती त्याने स्वतःच्या खात्यात ठेवावी किंवा सर्वांच्या सामाईक खात्यात टाकावी. सामाईक खात्यात सर्वांनी पैसे टाकले तर सर्वांचाच फायदा जास्त होई, पण स्वतः काही न टाकता इतरांच्या पैशावर वाटा घेणाऱ्या फुकट्याचा फायदा सर्वांहून जास्त होई. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सरासरीने आपल्या रकमेचा २० टक्के भाग सामाईक खात्यात टाकला, इतर सर्व सहभागींची सरासरी ४९ टक्के होती. किती रक्कम टाकणे न्याय्य ठरेल, असे विचारल्यावर अर्थशास्त्राच्या एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरच दिले नाही किंवा त्यातून काही अर्थ काढता येणार नाही असे गुंतागुंतीचे उत्तर दिले.

पुढे कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट फ्रँक, थॉमस गिलोविच आणि डेनिस रीगन यांनी १९९३ साली दुसऱ्या बाजूने तीच गोष्ट दाखवली. दोन खेळाडूंनी एकमेकांना साथ द्यायची की दगा द्यायचा, असा तो खेळ होता. दोघांनी साथ दिली तर दोघांचे भले, पण समोरचा साथ देत असताना आपण दगा दिला तर आपले अधिक भले, अशी त्याची रचना. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असलेल्यांनी ६०.४ टक्के वेळा दगा दिला, इतरांनी ३८.८ टक्के वेळा. इतर विषयांचे विद्यार्थी शिक्षणाच्या शेवटाकडे जाताना अधिकाधिक साथ देऊ लागतात, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांत मात्र हा कल दिसत नाही, असेही त्यांना आढळले. त्यावरून त्यांचा संशय अभ्यासक्रमावर गेला. माणूस स्वतःचा लाभ वाढवण्यासाठीच वागतो, हे गृहीतक वर्षानुवर्षे शिकवले तर शिकणारा तसाच होत जाईल, हा तर्क सरळ आणि पटण्याजोगा आहे.

मला या दोन्ही अभ्यासांबद्दल आदर आहे. त्यांनी बाजारगप्पांना आकड्यांच्या पातळीवर आणले. तरीही शिक्का खरा ठरवायला ते पुरेसे नव्हते. विस्कॉन्सिनच्या तुलनेत एका बाजूला पदव्युत्तर विद्यार्थी होते आणि दुसऱ्या बाजूला बरीचशी शाळकरी मुले होती, म्हणजे फरक विषयाचा होता की वयाचा, हे सांगणे अवघड. कॉर्नेलचा खेळ तर अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर मांडून शिकवला जातो. ज्याने तो वर्गात सोडवला आहे, त्याच्यासमोर प्रयोगशाळेत तोच खेळ ठेवला, तर तो आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो की परीक्षेतले ‘बरोबर’ उत्तर लिहितो, हे कसे ओळखायचे? शिवाय जॉन कार्टर आणि मायकेल आयर्न्स यांनी १९९१ मध्ये अर्थशास्त्राच्या नवख्या आणि अखेरच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा फरक सुरुवातीपासूनच असल्याचे दिसले होते. तसे असेल तर दोष शिकवण्याचा नव्हे. त्या विषयाकडे कोणत्या स्वभावाची माणसे वळतात, एवढाच प्रश्न उरतो.

आता झ्युरिक. १८३३ साली स्थापन झालेले हे स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठे विद्यापीठ. प्रत्येक सत्राच्या आधी विद्यार्थ्याला नोंदणीच्या नूतनीकरणाचे पत्र येई. ठरलेले शुल्क भरणे सक्तीचेच होते, पण त्याच पत्रात आणखी दोन प्रश्न असत. आर्थिक अडचणीतील विद्यार्थ्यांना सवलतीचे कर्ज देणाऱ्या निधीला आपण ७ फ्रँक देता का? आणि झ्युरिकमध्ये काही सत्रे शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या निधीला ५ फ्रँक देता का? एका चौकटीत खूण करावी, दोन्हींत करावी किंवा कशातच करू नये. खूण केली नाही तर पैसे जात नसत. म्हणजे विसरणारा आणि नाकारणारा दोघेही न देणाऱ्यांतच धरले जात, आणि देण्यासाठी मात्र मुद्दाम हात हलवावा लागे. समोर प्राध्यापक नाही, वर्गमित्र नाहीत, प्रयोग चालू असल्याची कल्पनाही नाही. बारा फ्रँकने कुणी गरीब होत नाही, पण न देण्यासाठी कुणी जाबही विचारत नाही. इतक्या एकांतात केलेली निवड प्रयोगशाळेत मिळवणे जवळपास अशक्य आहे.

याच विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ ब्रूनो फ्राय आणि स्टेफान मायर यांनी १९९८-९९ च्या हिवाळी सत्रापासून पुढच्या अनेक सत्रांच्या या नोंदी, विद्यार्थ्यांची ओळख उघड न करता, अभ्यासासाठी घेतल्या. पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निर्णय त्यांच्या हाती आले, आणि एकाच विद्यार्थ्याचे निर्णय सत्रामागून सत्र तपासता आले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व मला सर्वांत जास्त वाटते. पहिल्या वर्षाचे आणि चौथ्या वर्षाचे विद्यार्थी शेजारी ठेवून केलेल्या तुलनेत दोन वेगळी माणसे असतात. इथे तोच माणूस आधी आणि नंतर दिसत होता.

पहिल्या सत्राच्या पत्राला तर वेगळेच मोल आहे. ते पत्र भरताना विद्यार्थ्याने विषय निवडलेला असतो, पण त्या विषयाचे एकही व्याख्यान ऐकलेले नसते. त्याच वेळी तो इतर शाखांच्या नवख्या विद्यार्थ्यांहून कमी देत असेल, तर त्याला अभ्यासक्रमाने बिघडवले असे म्हणायला जागाच उरत नाही. आणि अभ्यासक्रम बिघडवत असेल, तर सुरुवातीला नसलेली किंवा लहान असलेली तफावत सत्रागणिक वाढत गेलेली दिसायला हवी.

फ्राय आणि मायर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, अर्थशास्त्र विद्याशाखेचे विद्यार्थी सरासरीने इतरांहून कमी वेळा देणगी देतात हे खरे, पण ही तफावत पहिल्याच पत्रात दिसते आणि शिक्षण पुढे जाईल तशी ती रुंदावत नाही. अर्थशास्त्र शिकल्याने माणूस अधिक स्वार्थी होतो, या म्हणण्याला नोंदींत आधार सापडला नाही. हे संशोधक स्वतः अर्थतज्ज्ञ होते, तेव्हा आपल्या विषयाची बाजू सावरण्यासाठी त्यांनी हे केले असेल, अशी शंका कुणाला येऊ शकते. ती शंका त्यांच्याच पुढच्या पावलाने दूर होते, कारण आपल्या विद्याशाखेतील कमतरता त्यांनी लपवली नाही, उलट ती नेमकी कुठे आहे हे शोधले.

त्या विद्याशाखेत दोन वाटा होत्या. एका वाटेवर बाजार, किमती, व्यापार, सरकारी धोरण यांचा सिद्धान्त शिकणारे, म्हणजे ज्यांना रूढ अर्थाने अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणता येईल ते होते. दुसऱ्या वाटेवर उद्योग-व्यवसाय चालवण्याचे शास्त्र, म्हणजे व्यवस्थापन शिकणारे होते. दोन्ही गट वेगळे काढल्यावर दिसले की, कमी देण्याकडे असलेला कल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांत होता. सिद्धान्ताची वाट धरलेले विद्यार्थी इतर शाखांच्या तुलनेत कमी देणारे नव्हते. स्वार्थी माणसाचे गृहीतक ज्यांना सर्वांत जास्त शिकवले जाते, ज्यांच्यासाठी हा शिक्का तयार झाला, त्यांच्यावर तो लागूच पडत नव्हता. जिथे तफावत होती तिथे तिचे कारण शिक्षण नव्हते, आणि जिथे ते शिक्षण सर्वांत दाट होते तिथे तफावत नव्हती.

हा शिक्का मग कितपत खरा, असे विचारले तर एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि या प्रकरणातून घेण्यासारखे नेमके हेच आहे. विद्याशाखेची एकत्र सरासरी पाहणाऱ्याला तो खरा वाटेल. त्यातले गट वेगळे करणाऱ्याला तो चुकीच्या पत्त्यावर गेलेला दिसेल. त्यामागचे कारण तपासणाऱ्याला ते कारण खोटे आढळेल. आवारात बोलताना मात्र आपण हे तीनही दावे एकाच वाक्यात कोंबतो, आणि त्यातल्या एकाला कुठे पुरावा मिळाला की उरलेले दोन्ही सिद्ध झाल्यासारखे वागतो.

प्रयोगशाळेबाहेरच्या आणखी एका पडताळणीची नोंद इथे घ्यायला हवी. वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात अँथनी येझर, रॉबर्ट गोल्डफार्ब आणि पॉल पॉपेन यांनी वर्गखोल्यांमध्ये हरवल्यासारखी पाकिटे ठेवली. पाकीट उघडे, त्यावर पत्ता आणि तिकीट, आत १० डॉलर आणि ते पैसे कुणाला तरी परत करायचे असल्याची चिठ्ठी. अर्थशास्त्राच्या वर्गांत ३२ आणि इतर विषयांच्या वर्गांत ३२ पाकिटे ठेवली होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अर्थशास्त्राच्या वर्गांतली ५६ टक्के पाकिटे पैशांसह परत आली, इतर वर्गांतली ३१ टक्के. चौसष्ट पाकिटांवरून अर्थशास्त्राचे विद्यार्थी अधिक प्रामाणिक असतात, असा उलटा शिक्का तयार करणे तितकेच चुकीचे ठरेल. पण खेळात दगा देणारा हात खऱ्या पैशाचे पाकीट टपालपेटीत टाकतो, हे पाहिल्यावर खेळातल्या आकड्यांवरून स्वभाव ठरवताना सावध राहावे लागते.

आता ज्यांना अजूनही शिक्का बरोबर वाटतो, त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम असलेला कॉर्नेलचा आकडा घेऊ आणि तो जसाच्या तसा मान्य करू. दर १०० अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी ६० दगा देतात. म्हणजे त्या विषयाच्या प्रत्येकाला दगाबाज मानणारा माणूस १०० पैकी ४० जणांबाबत चुकतो. त्याचवेळी इतर विषयांच्या १०० पैकी जवळपास ३९ जण दगा देतात आणि त्यांच्याकडे मात्र तो विश्वासाने पाहतो. मोठ्या विद्यापीठात यात आणखी एक भर पडते. समजा, अर्थशास्त्राचे विद्यार्थी १०० आहेत आणि बाकीच्या सर्व विषयांचे १,०००. अर्थशास्त्रातून ६० दगाबाज निघतील, बाकीच्या विषयांतून ३८८. एकूण ४४८ जणांपैकी ३८८, म्हणजे दर १०० मागे सुमारे ८७, अर्थशास्त्राचे नसतील. आपला सामाईक प्रकल्प अर्धवट टाकून गेलेला सोबती बहुधा अर्थशास्त्राचा असणार, असा अंदाज करणारा माणूस, त्याच्या शिक्क्याला पूर्ण पुरावा असूनही, बहुतेक वेळा चुकेल.

ही चूक किती खोल रुजलेली आहे, ते डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७३ साली विद्यार्थ्यांच्याच उदाहरणावरून दाखवले होते. टॉम डब्ल्यू. नावाच्या काल्पनिक पदव्युत्तर विद्यार्थ्याचे वर्णन त्यांनी दिले: हुशार, नीटनेटका, यांत्रिक भाषेत लिहिणारा, इतरांबद्दल फारशी आस्था नसलेला. तो नऊपैकी कोणत्या शाखेत असेल, असे विचारल्यावर मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांना झुकते माप दिले. त्या शाखांत तेव्हा विद्यार्थी थोडे असतात आणि समाजशास्त्रे, शिक्षणशास्त्र, मानव्यविद्या यांत कितीतरी जास्त, हे त्यांना ठाऊक होते. अशा वर्णनांवर विसंबता येत नाही, हेही ते मान्य करत होते. तरी वर्णन कोणत्या शिक्क्याशी जुळते, एवढ्यावरच उत्तर ठरले. संख्याशास्त्राची ओळख असलेली माणसे असे करतात, तर इतरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण प्राध्यापक गट पाडताना, वसतिगृहाचे अधिकारी खोल्या वाटताना किंवा विद्यार्थी सोबती निवडताना असे करतात, तेव्हा एखाद्या मुलाला त्याने न केलेल्या गोष्टीची किंमत मोजावी लागते, आणि त्याला ते कळतही नाही. मला या विषयाबद्दल तळमळ वाटते ती त्यामुळे.

झ्युरिकच्या त्याच पत्रांवर पुढे आणखी एक प्रयोग झाला आणि तो शिक्क्यांच्या दृष्टीने फार बोलका आहे. फ्राय आणि मायर यांनी काही विद्यार्थ्यांना कळवले की, इतर विद्यार्थ्यांपैकी ६४ टक्के जण देणगी देतात. काहींना ४६ टक्के हा आकडा कळवला. दोन्ही आकडे खरे होते, फक्त वेगवेगळ्या कालावधींचे होते. जास्त आकडा वाचलेल्यांमध्ये देण्याचे प्रमाण थोडे अधिक राहिले. आधीपासून नेहमीच देणारे आणि कधीच न देणारे फारसे हलले नाहीत. हलले ते काठावरचे, कधी देणारे तर कधी न देणारे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातला फरक मोठा नव्हता, पण इतर लोक काय करतात याबद्दलच्या समजाने माझ्या कृतीत फरक पडतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

याचा शिक्क्याशी संबंध असा की, ‘आमच्या शाखेतले कुणी देत नाही’ हेही इतरांच्या वागण्याबद्दलचेच विधान आहे. ते वारंवार कानावर पडणारा काठावरचा विद्यार्थी चौकट कोरी सोडण्याकडे झुकेल, असे मानायला या प्रयोगाने चांगला आधार दिला आहे. हा माझा निष्कर्ष आहे, त्या संशोधकांचा नव्हे, पण मला तो टाळता येत नाही. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांतील तफावत पहिल्याच पत्रात असली, तरी विद्यापीठात येण्यापूर्वी त्यांनी आपल्या भावी शाखेबद्दल काहीच ऐकलेले नसेल, असे थोडेच आहे? शिक्का दाराबाहेरही पोहोचतो आणि विषय निवडणाऱ्यांची चाळणीही करतो. उदार वृत्तीच्या एखाद्या मुलीला वाटते की, ही जागा आपल्यासारख्यांची नाही, आणि ती दुसरीकडे जाते. मग उरलेल्यांची सरासरी शिक्क्याच्या बाजूने झुकते.

या प्रकरणाची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. दोन निधींना दिलेले बारा फ्रँक म्हणजे उदारपणाचा एक छोटा कोपरा. जो विद्यार्थी खूण करत नाही, तो शनिवारी वृद्धाश्रमात जात असेल, धाकट्या भावाचा खर्च उचलत असेल, किंवा विद्यापीठाच्या निधीऐवजी दुसऱ्या संस्थेला अधिक रक्कम देत असेल. कर्जाचा निधी त्याला निरुपयोगी वाटत असेल. पत्र घाईत भरलेले असेल. पंचवीस हजार माणसांच्या सरासरीत अशी कारणे बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात, म्हणून शाखांची तुलना करता येते. एका माणसाच्या कोऱ्या चौकटीवरून मात्र त्याच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही.

ज्या विद्यापीठांना आपल्या आवारातले असे समज तपासून पाहायचे असतील, त्यांना झ्युरिकइतका मोठा साठा लागत नाही. ग्रंथालयातली उशिरा परत आलेली पुस्तके, रक्तदानाची नोंद, नवख्यांना मार्गदर्शन करण्यासाठी आलेले अर्ज, अशा गोष्टी बहुतेक ठिकाणी शाखेच्या नावासह आधीच लिहिलेल्या असतात. नावे झाकून त्या पाहाव्यात, प्रवेशाच्या वेळची नोंद आणि नंतरची नोंद वेगळी ठेवावी, विद्याशाखेच्या पोटातले विभाग एकत्र मिसळू नयेत, आणि सरासरीच्या शेजारी प्रत्येक शाखेतल्या दोन्ही टोकांच्या विद्यार्थ्यांची संख्याही छापावी. झ्युरिकमध्ये शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळे केले गेले, म्हणूनच शिक्का नेमका कुठे फसला ते कळू शकले.